सदतीसचा पाढा आणि पोहरादेवीची रांग

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत देवीच्या आधी गाड्यांचं दर्शन घडतं. मानोरा तालुक्यातलं हे गाव वाशीम जिल्ह्याच्या नकाशात एरवी शोधावं लागतं, पण बंजारा समाजाची ही काशी. रामनवमी आली की तेलंगण, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेशातून आणि आपल्या यवतमाळ-नांदेड-हिंगोलीकडून तांडेच्या तांडे इथं लोटतात. जगदंबादेवीचं देऊळ, संत सेवालाल महाराजांची समाधी, आरसे जडवलेल्या फेटिया-कांचळीतल्या आज्या, नगाऱ्याचा ठेका, 'जय सेवालाल'चा गजर. पाहावं तेवढं थोडं. आणि हे सगळं सोडून आमचे मामेसासरे पार्किंगमध्ये उभे राहून नंबरप्लेटा वाचतात.

आता नंबरप्लेट वाचण्याची हौस कोणाला नसते? मराठी माणूस नंबराला नंबर राहूच देत नाही. ४१४१ मिळाला की जरा वाकवून त्याचा 'दादा' करतो, ८०५५ चा इंग्रजी 'बॉस' करतो, आणि २१४ हाती लागला तर साक्षात 'राम'. रामनवमीच्या दिवशी २१४ वाल्याचा रुबाब पाहण्यासारखा असतो. पार्किंगची पावती फाडणाऱ्या पोराकडे तो असा बघतो, की पैसे मागताना पोरानं आधी नमस्कार करावा. नियमात यातलं काही बसत नाही, पण या सुलेखनाचा दंड लोक वर्गणी दिल्यासारखा हसतमुखानं भरतात. त्याहून वरचा मान म्हणजे आरटीओत जादा पैसे मोजून घेतलेले नंबर : ०००१, ७७७७, ९९९९. अशी गाडी उन्हात लावत नाहीत. तिच्यासाठी कडुलिंबाखालच्या दोन मोटारसायकली हलवाव्या लागतात.

मामांना मात्र यातल्या कशाचंच अप्रूप नाही. मामा मानोऱ्यात राहतात. माध्यमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात, मामा दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडे वळले.

कापरेकर म्हणजे देवळालीचे शाळामास्तर. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्म. वडिलांना ज्योतिषाचा नाद, मुलाला नुसत्या आकड्यांचा, म्हणजे घराण्यात आकडेमोड होतीच, फक्त ग्रह गळाले. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत मास्तरकी केली. मोठमोठे गणिती त्यांच्या आकड्यांच्या खेळाला नाकं मुरडायचे आणि हे गृहस्थ पदरचे पैसे खर्चून परिषदांना जायचे, स्वतःच पुस्तिका छापायचे. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. आपल्याकडे कळायला तेवढा वळसा लागतोच.

कापरेकरांचा खाक्या असा, की कोणतीही संख्या दिसली की तिला चार प्रश्न विचारायचे. तू तुझ्या आकड्यांच्या बेरजेनं पूर्ण भागली जातेस का? जात असशील तर तू 'हर्षद'. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली तर तू येतेस का? कोणत्याही संख्येपासून येत नसशील, तर तुला जनक नाही, तू 'स्वयंभू'. डोंबिवली स्टेशनावर काही सुचलं, तर त्या संख्यांना स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो' म्हणून मोकळे. मामांनी हे सगळं वाचलं आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा, की डोंबिवलीला मिळतं ते मानोऱ्याला का नाही.

"जावईबापू, आपल्या पिनकोडचे पहिले तीन आकडे कोणते?" दर्शनाच्या रांगेत पाय ठेवल्याबरोबर मामांनी तास सुरू केला.

"चारशे चव्वेचाळीस."

"बेरीज?"

"बारा."

"भागा."

उन्हात, अनवाणी, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात मामीची पिशवी घेऊन चारशे चव्वेचाळीसला बारानं भागण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्यालाच माझी अवस्था कळेल. उत्तर आलं सदतीस.

"आता मांगं वळून पाहा."

मागं गाड्यांचा समुद्र होता आणि त्यातली दर चौथी-पाचवी गाडी होती एमएच ३७. वाशीमचा आरटीओ क्रमांक. चारशे चव्वेचाळीस हर्षद तर निघालेच, वर भागाकारात जिल्ह्याचं नाव घेऊन निघाले. मामांच्या चेहऱ्यावर स्वतः जिल्हा स्थापन केल्याचं समाधान पसरलं.

मी मामांचा तोरा मोडायचा म्हणून म्हटलं, "मामा, एकशे अकराला तिनानं भागलं तरी सदतीसच. पाचशे पंचावन्नला पंधरानं भागलं तरी सदतीसच. तीन सारखे आकडे घेतले की हे व्हायचंच. आणि ४४४ काय एकट्या वाशीमचे आहेत? अकोला, अमरावती, बुलढाणा, सगळीकडे ४४४."

"असतीन ना! पण त्याहीनं भागून पाहिलं तर त्याहीच्या हाती कोनाचा नंबर येते? वाशीमचा! अकोल्याचा तीस, अमरावतीचा सत्तावीस, बुलढान्याचा अठ्ठावीस. पिन त्याहीचा, भाग आमचा." १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून निघालेल्या जिल्ह्याचा एवढा अभिमान मी कुठल्या पालकमंत्र्यातही पाहिलेला नाही.

पिनकोडवर मामांचा असा जीव आहे, त्याचं एक कारण म्हणजे ती व्यवस्था बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्ट आणि तार खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृत नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्टाचे. वेलणकरांसारख्या छंद-वृत्त जाणणाऱ्या माणसानं देशाला सहा मात्रांत बसवलं, असं मामा म्हणतात. त्यांचं गाऱ्हाणं आहे ते एकाच मात्रेबद्दल.

मानोऱ्याचा पिन ४४४४०४.

नीट पाहा. पाच चार आणि मध्येच एक शून्य. तिथंही चारच असते तर ४४४४४४ झाले असते, ज्याला सदतीसनं बिनबोभाट भाग जातो. पण दहाच्या घरात शून्य बसलं आणि आता भागायला गेलं की बाकी उरते चौतीस. आकड्यांची बेरीज वीस, वीसनं भाग जात नाही, म्हणजे हर्षदही नाही. स्वयंभू म्हणावं तर तेही नाही, कारण ४४४३७६ मध्ये त्याच्या आकड्यांची बेरीज २८ मिळवली की बरोबर ४४४४०४ येतात. म्हणजे जनक सापडला. "पोस्टाले एका चाराचा काय तोटा होता?" असं मामा विचारतात तेव्हा त्यांचा गळा खरोखर दाटून येतो.

पण मामा हार मानणाऱ्यांपैकी नव्हेत. एका पावसाळ्यात वीज गेलेली असताना त्यांनी या संख्येचे अवयव पाडायला घेतले. चारानं भाग गेला, राहिले १११०११? नाही, मामा दर वेळी घाईत असंच सांगतात आणि मग मान झटकून दुरुस्त करतात : एक लाख अकरा हजार एकशे एक, ११११०१. आता याला कोणानं भाग जातो? मामा वहीत एकेक मूळ संख्या घेऊन बसले. तीन, नाही. सात, बाकी चार. अकरा, बाकी एक. तेरा, बाकी तीन. एकशे एकला तर अवघी एक बाकी उरली आणि मामा त्या रात्री जेवले नाहीत. बावन्न मूळ संख्या नापास झाल्या. त्रेपन्नावी होती २४१. तिनं भाग गेला आणि उत्तर आलं ४६१, तीही मूळच. २४१ आणि ४६१! ही जोडी सापडल्याचा आनंद मामांनी गल्लीत पेढे वाटून साजरा केला. पेढे कशाचे, हे विचारणाऱ्यांना "नातू झाला काय?" एवढंच सुचत होतं. मामांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

रांग दहा पावलं सरकली. मामांनी खिशातून बॉलपेन काढला आणि माझ्याकडच्या पिशवीतलं प्रसादाचं पाकीट मागून घेतलं. आता सतराशे एकोणचाळीसची पाळी होती.

संत सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात. जयंती त्याच दिवशी असते. मामांना या सालाची गोडी लागली ती अवयव पाडल्यावर. १७३९ म्हणजे सदतीस गुणिले सत्तेचाळीस. पुन्हा सदतीस! आकड्यांची बेरीज पाहावी तर वीस, म्हणजे पिनकोडाइतकीच. आणि आता ऐका, असं म्हणून मामांनी आवाज खाली आणला : १७३९ स्वयंभू आहे. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या आकड्यांची बेरीज मिळवा, १७३९ कधीच येत नाही. १७२४ घेतली तर १७३८ वर थांबता, १७२५ घेतली तर एकदम १७४०. मधली जागा मोकळी. मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. खरं होतं. गणिती हार्डी ज्या टॅक्सीनं रामानुजनला भेटायला गेला तिचा नंबर १७२९, तो यापेक्षा फक्त दहानं लहान आणि जगभर गाजला. पण त्याला जनक आहे का, याची चौकशी हार्डीनं केली नाही, यावर मामांचा राग आहे.

"आता शेवटचं," असं म्हणून त्यांनी पाकिटावर लिहायला सुरुवात केली. कापरेकरांची सगळ्यात प्रसिद्ध क्रिया, त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेली. चार आकडी संख्या घ्या. तिचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, पहिल्यातून दुसरी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. १७३९ घेतली : ९७३१ वजा १३७९, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ वर हीच क्रिया करा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. इथून पुढं हलायचं नाही. "दोनच पायऱ्यांत, जावईबापू! महाराजांचं साल दोन पायऱ्यांत मुक्कामी पोचलं." काही संख्यांना सात लागतात.

रांगेत आमच्या पुढं एक तरुण होता, दिग्रसकडचा जीपचालक. सोबत आई आणि आईच्या चार बहिणी. बहिणी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत मोठ्यानं काही ठरवत होत्या आणि पोरगा आमच्या पाकिटाकडं बघत होता.

"काका, कोणताही नंबर चालते का?"

"कोनताही."

"माझ्या जीपचा घ्या. अठ्ठावीस त्रेपन्न."

मामांनी मांडलं : ८५३२ वजा २३५८. थांबले. चष्मा वर केला, पुन्हा वजाबाकी तपासली. ६१७४. एकाच पायरीत.

पोरगा खूश झाला, मावश्यांना त्यानं ते गोरबोलीत सांगितलं, आणि मावश्यांनी नंबर चांगला निघाला म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग त्यानं विचारलं, "मंग काका, सगळ्याच नंबराचं हेच उत्तर येत असंन तर याच्यात विशेष काय?"

गणिताच्या परिषदेत कापरेकरांना हा प्रश्न कोणी विचारला असेल की नाही, मला माहीत नाही. मामांना तो पोहरादेवीच्या रांगेत विचारला गेला आणि, सांगायला हवं, मास्तर जागा झाला. मामांनी पाकीट बाजूला केलं आणि शिकवायला सुरुवात केली. त्याच चार आकड्यांच्या दोन मांडण्यांची वजाबाकी केली की उत्तराला नेहमी नवानं भाग जातो. शिवाय ती वजाबाकी ठरते फक्त दोन गोष्टींवर : सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांच्यातल्या फरकावर आणि मधल्या दोन आकड्यांमधल्या फरकावर. पहिल्याचे नऊशे नव्व्याण्णव पट, दुसऱ्याचे नव्वद पट, झाली बेरीज. हे फरक फार तर चोपन्न तऱ्हांनी जमतात. म्हणजे शून्य शून्य शून्य शून्यपासून चार नव्वांपर्यंतच्या दहा हजारांतून एकसारख्या आकड्यांच्या दहा सोडल्या, तर ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्न जागांवर येऊन उभ्या राहतात. पुढं त्या चोपन्नातून वाट काढत सगळ्या ६१७४ ला. "बाकी गर्दी दिसते तेवढीच असते पोरा, दरवाजे कमी असतात," मामा म्हणाले आणि समोर खरोखरच बॅरिकेड अरुंद झाल्यामुळं आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो.

"आनं त्या दहाचं काय होते?" पोरानं सावरत विचारलं.

"कोनते दहा?"

"एकसारख्या आकड्याचे."

मामांनी उत्तर दिलं नाही. फक्त कडुलिंबाकडं बोट केलं. तिथं ७७७७ नंबरची काळी गाडी उभी होती, मालक सावलीत उभा राहून तिची काच पुसत होता. ७७७७ वजा ७७७७. पोरगा क्षणभर गप्प राहिला, मग इतका मोकळा हसला की मावश्यांनीही कारण न कळता हसून घेतलं. फुकट मिळालेला नंबर एका पायरीत मुक्कामी, आणि पैसे मोजून घेतलेला नंबर शून्य. आम्ही 'दादा' आणि 'बॉस'चाही हिशेब केला. ४१४१ ला सहा पायऱ्या लागतात आणि ८०५५ लाही सहाच. दोघांचा मान सारखा निघाला हे फार बरं झालं, नाहीतर त्या दोन्ही गाड्या पार्किंगमध्ये शेजारी उभ्या होत्या.

मोठ्या संख्यांशी या समाजाचं नातं तसं आजचं नाही. लदेणी हा बंजाऱ्यांचा जुना धंदा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख ओलांडायचा. टॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशानं सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. बारा हजार बैल! मी ते वाचल्यापासून माझ्या मनात एकच प्रश्न आहे : संध्याकाळी मुक्कामावर ते मोजायचं कोण? आमच्या सोसायटीत पंचवीस सभासदांच्या सभेची हजेरी सेक्रेटरी आणि चेअरमन वेगवेगळी मांडतात. तांड्याच्या नायकाला आरटीओ नव्हता, पिन नव्हता, पण एक बैल कमी भरला तर कळत असलं पाहिजे, नाहीतर धंदा चालला नसता.

आज उलट आहे. आता संख्या मोठी झाली की तिच्यापुढं 'सुमारे' लागतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन करायला पंतप्रधान आले आणि त्याच दिवशी वाशीमहून किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सुटला. सुमारे ९.४ कोटी शेतकरी, सुमारे २० हजार कोटी रुपये. माणशी दोन हजार. मामांनी तिथल्या तिथं गुणाकार केला : अठरा हजार आठशे कोटी. दोन 'सुमारें'च्या मधल्या फटीत बाराशे कोटी मावतात याचं त्यांना दुःख नव्हतं, कुतूहल होतं. त्यांच्या मते 'सुमारे' हीच भारतातली सगळ्यात मोठी संख्या.

आणि तसं पाहिलं तर मोठ्या संख्यांना नाव देण्यात आपण कोणाला हार जाणारे नव्हे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून सुरुवात करून दर पायरीला दसपट करत अठरा नावं दिली, शेवटचं परार्ध. एकावर सतरा शून्यं. त्यांच्याच ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त एका कल्पाचे दिवस धरले आहेत १५७७९१६४५००००. एक लाख सत्तावन्न हजार सातशे एक्क्याण्णव कोटी... पुढं श्वास पुरत नाही. हा हिशेब ब्रह्मगुप्तापासून चालत आलेला. याला कल्पाच्या ४३२००००००० वर्षांनी भागलं की वर्षाचे ३६५ दिवस आणि वर पाव दिवसाहून किंचित जास्त निघतात. ग्रहांच्या फेऱ्या अपूर्णांकांशिवाय मोजता याव्यात म्हणून एवढा मोठा काळ घेतला, म्हणजे हा आकडा बढाईचा नसून सोयीचा. मामांनी अर्थातच त्याच्या आकड्यांची बेरीज केली : पंचेचाळीस. पंचेचाळीसनं भाग जातो. कल्पाचे दिवस हर्षद आहेत! मानोऱ्याच्या पिनला जे जमलं नाही ते कल्पाला जमलं.

भास्कराचार्यांवर मामांचा लोभ असण्याचं आणखी एक कारण आहे, आणि हे कारण मात्र सणसणीत आहे. 'करणकुतूहल' या त्यांच्या ११८३ च्या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी येते. लंकेपासून निघालेली ती रेषा उज्जैनवरून कुरुक्षेत्र आणि पार मेरूपर्यंत जाते, आणि तिच्यावर एक ठिकाण आहे वत्सगुल्म. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम! ग्रिनिचच्या सातशे वर्षं आधी जगाची घड्याळं आमच्या वाशीमवरून लागत होती, असं मामा म्हणतात. आता नकाशात पाहिलं तर उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास आणि वाशीम सत्त्याहत्तरच्या जरा पुढं, म्हणजे ही सरळ रेषा वऱ्हाडात येताना थोडी पूर्वेला सरकलेली दिसते. पण मी हे मामांना सांगितलेलं नाही. काही रेषा सरळ करण्यापेक्षा जावयानं सरळ राहणं बरं.

दर्शन झालं. समाधीपाशी मामांनी दोन्ही हात जोडले तेव्हा मात्र ओठ हलले नाहीत, बोटं मोजली नाहीत. बाहेर येऊन चपला शोधल्या, कडुलिंबाखाली चहा घेतला, आणि चहाबरोबर मामांनी राखून ठेवलेलं अस्त्र बाहेर काढलं. पिन सुरू झाला ते साल, १९७२. त्यावर कापरेकरांची क्रिया चालवा. ९७२१ वजा १२७९, ८४४२. मग ५९९४. मग ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५.

"किती?"

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

मामा काही बोलले नाहीत. कपातला चहा बशीत ओतला. मला मात्र हसू आवरेना. पिनच्या सालातून वजाबाकी करत गेलं तर चौथ्या पायरीला वाशीम जिल्ह्याचं साल! आणि वर १९९८ ला त्याच्या आकड्यांच्या बेरजेनं, सत्तावीसनं, भाग जातो. उत्तर चौऱ्याहत्तर, म्हणजे दोन सदतीस. मी गणितातला शंकेखोर माणूस आहे. मला ठाऊक आहे, की चार आकडी संख्यांना पुरेसे प्रश्न विचारत राहिलं की कोणती तरी एक आपल्या ओळखीची निघतेच. साल निवडणारे मामा, क्रिया निवडणारे मामा, कुठल्या पायरीवर थांबून "किती?" विचारायचं ते ठरवणारेही मामाच. उद्या त्याच साखळीतल्या ५३५५ वर त्यांचा मोबाईल नंबर संपत असता, तर तिथं थांबले असते. हे सगळं खरं. तरी त्या १९९८ नं मला दोन घोट चहा गप्प बसवलं, हेही खरं.

मामांची आता एक नवी जात शोधण्याची तयारी चालली आहे : 'पोहरा संख्या'. व्याख्या पक्की आहे. चार आकडी हवी, सदतीसनं भाग जायला हवा, स्वयंभू हवी, आणि ६१७४ ला दोन पायऱ्यांत पोचायला हवी.

"अशा किती आहेत, मामा?"

"सध्या एक सापडली."

गाडीत बसल्यावर त्यांनी पुन्हा पाकीट काढलं. दुखरी जागा अजून ठसठसत होती : ४४४४०४. सहा आकड्यांवर कापरेकरांची क्रिया एकाच ठिकाणी नेत नाही. एक तर ५४९९४५, नाहीतर ६३१७६४, या दोन ठिकाणी संख्या स्थिर होतात. आणि ज्यांना ही दोन्ही लाभत नाहीत त्या सात संख्यांच्या एका फेऱ्यात अडकतात. मामांनी मांडलं. ४४४४४० वजा ०४४४४४, ३९९९९६. मग ६२९९६४. मग ७४९९४३. मग ६५२६४४. मग ४२०८७६. गाडी खड्ड्यातून गेली, पेन घसरला, मामा थांबले नाहीत. ८५१७४२. ७५०८४३. ८४०८५२. ८६०८३२. ८६२६३२. ६४२६५४. आणि पुन्हा ४२०८७६.

"फसला," मामा म्हणाले.

मानोऱ्याचा पिन सात घरांत फिरत राहणार. कल्प संपला तरी फिरत राहणार, आणि कल्पाचे दिवस किती हे मघाशी आलंच आहे. मामांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. मग डोळे बारीक करून दुसऱ्या मुक्कामाकडं पाहू लागले. ६३१७६४.

"जावईबापू, सहाशे एकतीसनं सुरू होनारा पिन कुठला?"

मी मोबाईल काढला. "कांचीपुरमचा, मामा. तमिळनाडू."

मामा सीटवरून उठायचेच राहिले. कांची! भास्कराचार्यांच्या त्याच यादीत, त्याच मध्यरेषेवर, वत्सगुल्माच्या दोन-तीन ठिकाणं आधी कांची आहे! म्हणजे मानोऱ्याला जो मुक्काम लाभला नाही तो कांचीला लाभला, आणि दोन्ही गावं एका रेषेवर! हे स्वतः जाऊन पाहिलं पाहिजे, असं ते ड्रायव्हरला सांगू लागले. ड्रायव्हरनं कारंज्याचा रस्ता सांगितला.

सकाळपासून मामी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नारळ फोडला, ओटी भरली, आमच्या चपला सांभाळल्या. कांचीपुरम हे नाव कानावर पडताच त्यांनी मागच्या सीटवरून पुढं वाकून विचारलं, "कधी निघायचं?"

"म्हंजे?"

"कांजीवरम तिथंच विणतात ना? लेकीच्या लग्नात घ्यायची राहिली होती. तुम्ही म्हणाला होता, रिटायर झाल्यावर घेऊ." त्यांनी क्षणभर हिशेब केला. "अठरा हजारांत चांगली येईल."

गाडीत शांतता पसरली. मामांचं पेन पाकिटावर टेकलेलं होतं, पण आकडा काही उमटेना. मी मदत म्हणून म्हटलं, "मामा, अठरा हजार. आकड्यांची बेरीज नऊ. नवानं पूर्ण भाग जातो."

"जाऊ द्या," मामा म्हणाले.